रबराची बाग आणि छोटा शेतकरी: सारखे येणारे प्रश्न

रबराची लागवड आणि त्यावरचं संशोधन याबद्दल जे प्रश्न परत परत येतात ते इथे एकत्र केलेत. आधी साधे आहेत, पुढे गुंतागुंतीचे होत जातात. एखादी गोष्ट दुसरीकडे आली असेल तर तिथला नंबर दिलाय, तेच परत लिहिलेलं नाही.

१. रबरावर एवढं संशोधन चालतं म्हणतात, पण ते नक्की कशावर? आणि एक-दोन हेक्टरवाल्याला त्याचं काय?

आधी एक गोष्ट लक्षात घ्या, जगात जेवढं नैसर्गिक रबर निघतं त्यातलं ८५ टक्क्यांहून जास्त छोट्या शेतकऱ्यांच्या बागांमधून येतं. थायलंड आणि इंडोनेशिया सगळ्यात पुढे, मग आयव्हरी कोस्ट, व्हिएतनाम, चीन, भारत, मलेशिया वगैरे. आणि त्यातलं बहुतेक रबर टायरमध्ये जातं. म्हणजे मोठमोठे कारखाने अवलंबून आहेत ते पहाटे सुरी घेऊन बागेत जाणाऱ्या एकेका घरावर.

संशोधन चालतं नव्या जाती काढण्यावर, टॅपिंगच्या (म्हणजे सालीवर काप घेऊन चीक काढायच्या, त्या चिकाचंच पुढे रबर होतं) पद्धतींवर, रोगांवर, मातीवर, माल तयार करण्यावर आणि शेतकऱ्याच्या घरच्या गणितावर. बरीच वर्षं मोजायचे ते एकच, हेक्टरी किती किलो. पण छोट्या शेतकऱ्याकडे जमिनीइतकीच टंचाई असते माणसाची, त्यामुळे मला विचाराल तर खरा आकडा म्हणजे एका माणसाच्या एका दिवसामागे किती रबर पडलं. पुढची बरीचशी उत्तरं मी ह्याच हिशोबाने दिलीत.

२. हे झाड मूळचं कुठलं?

ॲमेझॉनच्या जंगलातलं. १८७६ मध्ये हेन्री विकहॅम ह्या इंग्रजाने ब्राझीलमधून साधारण ७०,००० बिया लंडनच्या क्यू गार्डन ह्या वनस्पती उद्यानात नेल्या. रबराचं बी फार नाजूक, सुकलं की गेलंच, काही आठवड्यांत उगवायची ताकद संपते, त्यामुळे एवढ्या बियांमधून रोपं झाली जेमतेम २,७०० च्या आसपास. त्यातली बरीच सिलोनला (आजच्या श्रीलंकेत) गेली आणि १८७७ मध्ये २२ रोपं सिंगापूरला पोचली.

हा इतिहास म्हणून सांगत नाहीये, याचा आजच्या बागेशी थेट संबंध आहे. आशियातली बहुतेक झाडं ह्या मूठभर रोपांची वंशज आहेत, म्हणजे सगळी जवळची नातेवाईक, आणि नवा रोग आला की सगळ्यांना एकदम धरू शकतो. म्हणूनच १९८१ मध्ये वेगवेगळ्या देशांच्या संशोधन संस्था मिळून परत ब्राझीलला गेल्या आणि आक्रे, रोन्डोनिया, मातो ग्रोसो ह्या भागांतून जंगली बियाणं आणलं. त्या जंगली झाडांचा चीक कमी असतो त्यामुळे ती सरळ लावता येत नाहीत, पण रोगाला टिकायचे गुण त्यांच्यातून घेता येतात. काम मात्र फार हळू चालतं, एक जात तयार होऊन शेतात यायला वीस-पंचवीस वर्षं सहज जातात.

३. बी लावू की कलम? बी तर झाडाखाली फुकट मिळतं.

कलमच. बियांपासून आलेली झाडं एकसारखी नसतात, शेजारी शेजारी उभ्या दोन झाडांत एक कप भरून देणारं आणि दुसरं थेंब थेंब देणारं असं होतं. कलमात काय करतात, बियाण्याच्या रोपावर म्हणजे खुंटावर चांगल्या झाडाचा डोळा भरतात, मग वरचं सगळं खोड त्या चांगल्या झाडाचं होतं. जातींमध्ये मलेशियाच्या आरआरआयएम ६०० आणि पीबी २६०, इंडोनेशियाची जीटी १, भारताची आरआरआयआय १०५ ही नावं कायम ऐकू येतील.

रोपं घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. रबरात चूक कळते सहा-सात वर्षांनी, सुरी लावल्यावर, आणि तोवर भरपाई मागायला कोणी उरत नाही. जातीची खात्री नसलेलं स्वस्त रोप हा छोट्या शेतकऱ्याचा सगळ्यात महाग सौदा आहे असं मी अगदी मनापासून सांगतो. मान्यताप्राप्त रोपवाटिका, कलमाचा सांधा नीट भरलेला, खुंटाची फूट वेळेवर काढलेली, एवढं तरी बघाच.

४. मग सगळ्यात जास्त चीक देणारी एकच जात सगळीकडे लावली तर?

नको. आरआरआयआय १०५ चंच घ्या, १९८० मध्ये आली आणि केरळात जवळजवळ सगळ्यांनी तीच लावली, उत्पन्न खरंच भरपूर. पण ती गुलाबी रोगाला (प्रश्न ११) बळी पडते आणि कॉरिनेस्पोरा ह्या बुरशीच्या पानगळीलाही. पीबी २६० भराभर चीक देते पण जास्त ताणली की झाड कोरडं पडायचा धोका मोठा (प्रश्न ९). प्रत्येक जातीचं असं काही ना काही असतंच. दोन-तीन जाती वेगवेगळ्या पट्ट्यांत लावा, एकाच ओळीत सरमिसळ नको, कारण जातीप्रमाणे टॅपिंगची पद्धत बदलते आणि मिसळलेल्या ओळीत ती सांभाळता येत नाही.

५. कितव्या वर्षी टॅपिंग सुरू करायचं?

वय बघू नका, घेर बघा. जमिनीपासून १२५ सेंटिमीटरवर (काही देशांत १०० सेंटिमीटरवर) टेप लावायची आणि ५० सेंटिमीटर घेर भरला पाहिजे, आणि बागेतली साधारण ७० टक्के झाडं तशी झाली की सुरुवात. चांगल्या बागेत हे पाचव्या ते सातव्या वर्षी होतं.

भाव चढला की बारीक झाडांवर सुरी चालवायचा मोह होतो, मी समजू शकतो, सहा वर्षं खर्चच खर्च केलेला असतो. पण चीक काढायला लागलं की झाडाची वाढ मंदावते, कारण तेच अन्न चिकात जातं, आणि बारीक राहिलेलं झाड पुढची पंचवीस वर्षं बारीकच चीक देतं. ही मधली कोरडी वर्षं कशी काढायची ते प्रश्न १२ मध्ये आहे.

६. काप नक्की कसा घ्यायचा? व्हिडिओ बघून जमत नाही.

व्हिडिओ बघून येतच नाही, कोणाच्या तरी शेजारी उभं राहून शिकावं लागतं. तरी सांगतो. चिकाच्या नळ्या सालीत असतात, लाकडात नाही. आणि त्या सरळ उभ्या नसतात, वर जाताना किंचित उजवीकडे कललेल्या असतात, म्हणून काप डावीकडे वर आणि उजवीकडे खाली असा घ्यायचा, कलमी झाडाला उतार साधारण ३० अंश, आणि लांबी अर्ध्या बुंध्याएवढी. असा तिरका काप जास्तीत जास्त नळ्या उघडतो.

आता खोली. सगळ्यात जास्त नळ्या आतल्या मऊ सालीत, लाकडाच्या अगदी जवळ असतात, पण लाकडाला चिकटून एक पातळ थर असतो, कॅम्बियम, जो नवीन साल बनवतो. त्याला सुरी लागली की तिथे गाठ येते आणि त्या जागी परत कधी सपाट साल मिळत नाही. म्हणून आतून साधारण एक मिलिमीटर साल ठेवून थांबायचं. उथळ घेतलं तर चीक कमी, खोल गेलं तर झाड जखमी. शिकताना माझी सुरी एका झाडाला दोनदा आत गेली होती, त्या दोन गाठी सालीवर अजून तशाच आहेत, बोट फिरवलं की हाताला लागतात.

प्रत्येक कापात उंचीतली साल जावी साधारण दीड मिलिमीटर. सुरीला धार असेल तर निघालेली साल लांब वळत पडते, धार गेलेली असेल तर चुरा पडतो आणि नळ्यांची तोंडं चेपून चीक लवकर थांबतो. आणि जायचं पहाटे, ऊन व्हायच्या आत, तेव्हा झाडात पाण्याचा दाब जास्त असतो आणि चीक जोरात आणि जास्त वेळ वाहतो.

७. रोज टॅपिंग केलं तर जास्तच मिळणार ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो. त्या आठवड्यात मिळेल, त्या झाडाच्या आयुष्यात नाही.

हिशोब करून बघू. १२५ सेंटिमीटरवर सुरुवात केली, खाली जमिनीजवळ थोडी जागा सोडली, म्हणजे एका बाजूला सव्वाशेच्या आत साल. एका कापाला दीड मिलिमीटर. वर्षात ३०० काप घेतले तर ४५ सेंटिमीटर संपली, म्हणजे ती बाजू तीन वर्षांच्या आत खलास. एक दिवसाआड घेतलं तर वर्षाला साडेबावीसच्या आसपास, बाजू पाच वर्षं पुरते, आणि दोन्ही बाजू मिळून दहा, तोवर पहिल्या बाजूची नवी साल जाड होऊन तयार. रोज कापणाऱ्याची दुसरी बाजू संपते तेव्हा पहिली अजून कोवळीच असते, मग तो कोवळ्या सालीवर सुरी लावतो आणि तिथून बाग उतरायला लागते.

दुसरं कारण आतलं आहे. चीक वाहून गेला की नळ्यांमध्ये तो परत तयार व्हायला दोन-तीन दिवस लागतात. रोज कापलं की मिळतो तो पातळ, कमी रबराचा. म्हणून शिफारस दोन दिवसांतून एकदा किंवा तीन दिवसांतून एकदा अशी असते आणि गेली काही दशकं संशोधन त्याच्याही पुढे गेलंय, चार दिवसांतून एकदा, अगदी आठवड्यातून एकदा, सोबत उत्तेजक लावून (पुढचा प्रश्न). एका दिवसात एका माणसाला साधारण तीन-चारशे झाडं होतात. रोज तीच झाडं करण्याऐवजी आठवड्यातून एकदा केली तर तोच माणूस कितीतरी जास्त झाडं सांभाळतो किंवा बाकीचे दिवस दुसऱ्या कामाला मोकळा होतो. हेक्टरी उत्पन्न थोडं इकडेतिकडे झालं तरी माणसाच्या दिवसामागचं रबर खूप वाढतं, आणि ज्या घरात दोनच हात आहेत तिथे हेच महत्त्वाचं.

८. ते उत्तेजक म्हणजे विष आहे का? झाड मरतं असं ऐकलंय.

ते इथेफॉन. त्यातून इथिलीन वायू सुटतो, जो झाडं स्वतःही बनवतात, आणि त्यामुळे कापाची तोंडं लवकर बंद होत नाहीत, चीक जास्त वेळ वाहतो. साधारण २.५ टक्क्यांचं करून कापाच्या वरच्या बाजूला ब्रशने पातळ लावतात, वर्षातून ठरावीक वेळाच. हातमोजे घाला, आम्ल असतं ते.

झाड मरतं ते औषधाने नाही, औषध लावून शिवाय रोज कापल्याने. इथेफॉन हे टॅपिंगचे दिवस कमी करायच्या बदल्यात वापरायचं आहे, दोन्ही हातांनी ओरबाडायला नाही. आणि प्रत्येक जातीला सारखं नाही. आयव्हरी कोस्टमध्ये फ्रेंच संशोधकांनी चिकाची तपासणी करायची पद्धत बसवली, त्यात चिकातली साखर, फॉस्फरस, थायॉल (गंधकाची संयुगं) आणि सुक्या रबराचं प्रमाण बघतात, जसं आपलं रक्त तपासतात तसंच. त्यातून दिसलं की पीबी २६० सारखी जात मुळातच जोरात चालते, तिला उत्तेजक अगदी कमी लागतं, आणि पीआर १०७ सारख्या संथ जातीला जास्त वेळा दिलं तरी चालतं. त्यामुळे शेजाऱ्याने किती लावलं ते विचारण्याआधी त्याची जात कुठली ते विचारा.

९. झाड हिरवंगार आहे पण कापावर चीकच येत नाही. कुठलं औषध मारू?

औषध नाही. ह्याला टॅपिंग पॅनेल ड्रायनेस म्हणतात. कुठलाही जंतू याचं कारण म्हणून पक्का सापडलेला नाही, झाडाच्या आतल्या थकव्याशी याचा संबंध आहे आणि जास्त ओढाताण केलेल्या बागेत प्रमाण वाढतं. आधी खुणा दिसतात: चीक पातळ होतो, दुपारपर्यंत ठिबकत राहतो, मग कापाच्या लांबीत मधेच चार बोटं कोरडी, मग ती वाढतात, काहींची साल आतून तपकिरी होते आणि फुटते. कोरड्या पट्ट्याच्या मागे लागून खाली खाली कापत जाऊ नका. काही महिने पूर्ण विश्रांती द्या, नंतर दुसऱ्या बाजूला किंवा वरच्या सालीवर कमी वेळा घ्या. काही झाडं परत येतात, काही नाही येत. चार बोटं कोरडी दिसली तेव्हाच थांबलात तर शक्यता बरीच चांगली.

१०. पावसाळ्यात काय?

ओल्या सालीवर चीक पन्हळीत न जाता बुंध्यावर पसरतो, आणि कापावर बुरशी येऊन काळ्या उभ्या रेघा पडतात. पाऊस लागायच्या आधी कापाच्या वर प्लास्टिकचा झगा चिकटवून घ्या, फट राहू देऊ नका. नाहीतर त्या दिवशी सुट्टी घ्या.

११. पानं गळतायत! रोग आहे का?

आधी ऋतू बघा. रबराचं झाड दरवर्षी कोरड्या दिवसांत सगळी पानं टाकतं आणि नवी तांबूस पालवी काढतं, तो रोग नाही. त्या काळात टॅपिंगला विश्रांती द्यावी. पण कोवळ्या पालवीवर पांढरी पूड दिसली आणि ती पानं आकसून गळाली तर ती भुरी, तिथे गंधक. पावसात हिरवी पानं देठासकट गळाली आणि देठावर चिकाचा थेंब सुकलेला असला तर फायटॉप्थोरा नावाचा रोग, त्याला पाऊस सुरू व्हायच्या आधीच बोर्डो मिश्रण किंवा तांब्याचं औषध मारून ठेवावं लागतं, पाऊस पडल्यावर उपयोग नाही. फांद्यांच्या बेचक्यात गुलाबी बुरशी आणि ओघळलेला चीक दिसला तर गुलाबी रोग, खरवडून बोर्डो पेस्ट लावा.

गेल्या काही वर्षांतला नवा रोग म्हणजे पेस्टलोटिऑप्सिस ह्या बुरशीची पानगळ. पक्व पानांवर गोल गोल डाग, मग पान पिवळं आणि गळती, तीही वर्षातून परत परत. २०१६ च्या सुमारास इंडोनेशियाच्या उत्तर सुमात्रात दिसला आणि मग मलेशिया, थायलंड, श्रीलंका असा पसरला. खत नीट मिळालेल्या बागा तग धरतात असा अनुभव आहे, त्यामुळे पडलेल्या भावात खत पूर्ण बंद करू नका.

आणि सगळ्यात भयंकर तो दक्षिण अमेरिकन पानांचा करपा, जो आजवर अमेरिका खंडातच आहे. मोटारवाले हेन्री फोर्ड यांनी १९२८ मध्ये ब्राझीलमध्ये फोर्डलँडिया ही रबराची वसाहत वसवून दाट लागवड केली, ती ह्या करप्याने खाल्ली आणि १९४५ मध्ये सगळं सोडून द्यावं लागलं. प्रश्न २ मधल्या नातेवाईक झाडांची भीती ती हीच. तिकडून एक पान, एक काडीसुद्धा स्वतःहून आणू नका.

१२. रबराखाली दुसरं काही घेता येतं? सहा वर्षं बसून काय करायचं?

येतं, घ्यायलाच हवं. पहिली तीन वर्षं ऊन भरपूर, केळी, अननस, भाजीपाला होतो, रबराच्या ओळीपासून थोडं अंतर ठेवून, आणि त्या पिकाला त्याचं वेगळं खत देऊन. जिथे पीक नाही तिथे पुएरारिया किंवा मुकुना ब्रॅक्टिएटासारखं द्विदल आच्छादन, ते हवेतला नत्र धरतं, तण दाबतं, उतारावरची माती धरून ठेवतं. फक्त वेल रोपाला गुंडाळणार नाही हे बघत रहा.

चौथ्या-पाचव्या वर्षानंतर सावली मिटते आणि तिथेच बहुतेक जण थांबतात. पुढेही काही हवं असेल तर लागवडीच्या वेळीच जोडओळ पद्धत घ्या, दोन ओळी जवळ आणि मग रुंद पट्टा मोकळा, त्यात कॉफी, कोको अशी पिकं कायम राहतात. श्रीलंका आणि चीनमध्ये रबर-चहा एकत्र घेतात. सुमात्रात तर जांबीच्या भागात जंगलासारखी रबराची बाग पिढ्यान्‌पिढ्या आहे, रबर, फळझाडं, लाकूड सगळं एकत्र, पण झाडं बियांची, त्यामुळे चीक कमी. तिथे १९९४ पासून संशोधकांनी शेतकऱ्यांच्याच जमिनीवर करून बघितलं की कलमी रबर अशा मिश्र बागेत चालतं का, आणि कळलं की चालतं, फक्त रबराच्या ओळीलगतचं तण काढलं आणि मधलं रान वाढू दिलं तरी. बाग चकाचक ठेवायची गरज नाही म्हणजे किती मजुरी वाचली बघा!

आणि मध. रबराची पानं तीन तीन जुळलेली असतात, ती जिथे देठाला मिळतात तिथे बारीक ग्रंथी असतात आणि नव्या पालवीत त्यांतून गोड रस झरतो. मधमाश्या फुलाकडे नाही, पानाकडे येतात. पेट्या ठेवायला जमीन लागत नाही, आणि हंगाम नेमका टॅपिंगच्या सुट्टीत येतो.

१३. भाव पडलाय. जोर लावून जास्त काढू की बंद करू?

जास्त काढू नका, हे नक्की. २०११ च्या सुरुवातीला भाव शिखरावर होते आणि मग वर्षानुवर्षं पडत गेले, तेव्हा अनेकांनी घर चालवायला रोज कापलं आणि साल संपवून बसले. रबराचं एक बरं आहे, आज न काढलेला चीक भातासारखा शेतात सडत नाही, साल तशीच राहते, झाड जाड होतं. आठवड्यातून एकदावर या, हात मोकळे झाले ते आंतरपिकाला लावा.

दुसरं, मालाचा दर्जा. चिकात सुकं रबर साधारण ३० ते ४० टक्के असतं, बाकी पाणी. खरेदीदार अंदाजाने टक्केवारी ठरवतो तिथे पैसे जातात, म्हणून शेतकऱ्यांचे गट करून स्वतः मोजणं, गोठवलेल्या चिकाची एकत्र शीट लाटणं, ती सुकवायचं धुरीघर एकच ठेवणं ह्याने फरक पडतो. गोठवायला फॉर्मिक आम्ल वापरा, सल्फ्युरिक स्वस्त पडतं पण माल आणि भांडी दोन्ही खराब करतं. कपमध्ये गोठलेला गोळा विकत असाल तर साल, पानं, प्लास्टिकचे तुकडे काढून द्या.

१४. युरोपात माल जायचा तर जंगलाचा कायदा लागतो म्हणे. जुनी बाग तोडून परत रबर लावलं तर?

युरोपियन युनियनचा २०२३ चा जंगलतोडीविरुद्धचा कायदा आहे आणि त्यात रबर आहे, लागू व्हायची तारीख मात्र पुढे ढकलली गेलीय. मुख्य अट, ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडलेल्या जमिनीवरचा माल चालणार नाही, आणि जमिनीचं ठिकाण नकाशावर द्यावं लागेल. ४ हेक्टरपर्यंतच्या जमिनीला एक बिंदू पुरतो, त्याहून मोठीला हद्द आखून द्यावी लागते. जुन्या रबराच्या जागी परत रबर म्हणजे जंगलतोड नाही. अडचण येते ती प्रश्न १२ मधल्या जंगली बागांची, कारण उपग्रहातून त्या जंगलासारख्याच दिसतात, आणि ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या झाडं राखली त्यांनाच पुरावे द्यायला लागतात. हे मला पटत नाही. तरी बाग जुनी असल्याचा कागद, फोटो, कर भरल्याची पावती, जे असेल ते आत्ताच जपून ठेवा.

१५. जनुक बदललेलं रबर आलंय का?

प्रयोगात आहे. जून २०२१ मध्ये भारताच्या रबर संशोधन संस्थेने गुवाहाटीजवळ थंडी आणि कोरडेपणा सोसायला मदत करणारं जनुक घातलेलं रोप लावलं. विकायला नाही, कोणी असं सांगून रोप देत असेल तर घेऊ नका.

१६. माझी झाडं टॅपर (चीक काढणारा माणूस) वाट्यावर करतो. मी आठवड्यातून एकदा म्हणतो, तो ऐकत नाही. कोण बरोबर?

दोघंही, आणि म्हणूनच हा अवघड आहे. साल तुमची, ती पंचवीस वर्षं पुरायला हवी. त्याला मात्र ह्या महिन्याच्या चिकातला वाटा मिळतो, पुढच्या दहा वर्षांतला नाही, मग तो झाडाचा विचार का करेल? प्रश्न ७ मधला फायदा त्याला तेव्हाच मिळतो जेव्हा बाकीचे दिवस त्याच्याकडे दुसऱ्या बागा असतात. एकाच छोट्या बागेवर असलेल्या माणसाचं कामच कमी होतं.

जे चालतं ते असं: शेजारचे पाच-सहा शेतकरी मिळून एकच टॅपर ठेवतात, सोमवारी एकाची बाग, मंगळवारी दुसऱ्याची, म्हणजे त्याचा आठवडा भरतो आणि प्रत्येक झाडाला सहा दिवस मिळतात. वाट्याशिवाय साल नीट राखल्याबद्दल वर्षाला वेगळी रक्कम ठरवा. आणि सुरुवातीलाच बुंध्यावर रंगाने रेघ मारून ठेवा, वर्षाच्या शेवटी दोघांनी मिळून पंचवीसएक झाडांवर टेप लावायची, रेघेपासून काप किती खाली आला आणि नव्या सालीत गाठी किती. आठवड्याच्या टॅपिंगला सात-आठ सेंटिमीटरच्या आसपास यायला पाहिजे. पंधरा आली तर एकतर काप जाड घेतलेत नाहीतर कोणीतरी मधेच येऊन कापून गेलंय.